पाद्रीसाहेबाच्या बंगल्याचं दुसरं दार

बहात्तर सालच्या दिवाळीला लोणखेडच्या एकाही विहिरीत पोहरा बुडत नव्हता. मी तेव्हा गावच्या सोसायटीचा सचिव होतो. वय सव्वीस, मूळ गाव अंबाजोगाईकडचं, आणि आपल्याला सगळं येतं अशी पक्की खात्री. लोक मला मल्लिनाथअप्पा म्हणत.

तेलगावपासून दोन कोसांवरच्या या गावात सरकारनं ओढ्यावर तलावाचं दुष्काळी काम काढलं होतं. अर्धं गाव मातीच्या पाट्या वाहत होतं आणि उरलेलं अर्धं खडी फोडत होतं. सरकारातून लाल मिलो ज्वारी आणि बियाणं आमच्या सोसायटीमार्फत यायचं, पण सोसायटीला स्वतःचं गोदाम नव्हतं. अध्यक्ष अर्जुनरावांची जनावरं छावणीत गेल्यामुळे त्यांचा गोठा रिकामा होता. पोती तिथं लागायची. वाटपाच्या दिवशी सगळं गाव त्यांच्या फाटकाशी उभं राही. आधी भावकी आत जाई, मग ओळखीचे, मग उरलेले. अर्जुनरावांनी त्यातला एक दाणा कधी इकडचा तिकडे केला नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण फाटक त्यांचं होतं आणि फाटकाशी कोण किती वेळ उभं राहतं, याकडे त्यांचं लक्ष कधी गेलं नव्हतं.

ओढ्याच्या काठावर पाद्रीसाहेबाचा बंगला होता. तो तलावात जाणार होता. इल्किन नावाचा कोणी इंग्रज पाद्री निजामाच्या काळात इथं आला, बंगला बांधून वीसेक वर्षं राहिला आणि गेला. त्यानंतर तिथं कोणी राहिलं नाही. मुख्य दरवाजाला मिशनचं गंजलेलं कुलूप होतं, व्हरांड्यात शेळ्या बसत. तलावावरच्या ओव्हरसियरचा बेत सरळ होता. बंगला सुरुंगानं पाडायचा आणि दगड बांधाच्या पिचिंगला, म्हणजे उतारावरच्या दगडी अस्तराला वापरायचा.

पाडण्याआधी मोजमाप करून द्या, असं मला सांगितलं गेलं. मी टेप घेऊन गेलो. तासाभराचं काम होतं, पण तीन दिवस रोज जात राहिलो.

असं घर मी पाहिलं नव्हतं. आमच्याकडची दगडी घरं बाहेरून बंद असतात आणि आतल्या चौकाकडे तोंड करून बसतात. हे घर बाहेर बघत होतं. दोन हात जाडीच्या काळ्या दगडाच्या भिंती, वर टोक काढलेल्या कमानींच्या उंच खिडक्या, उभ्या उताराचं मंगलोरी कौलांचं छप्पर आणि त्याखाली ते तोलणाऱ्या सागवानाच्या पाच कैच्या. एकीलाही वाळवी नाही. मावळतीच्या भिंतीतून एक खिडकी अख्खी पुढं आलेली, आत तिघं-चौघं बसतील एवढी. दिवाणखान्यात एक मोठं धुराडं होतं, खाली शेकोटीची जागा. बीडच्या उन्हात शेकोटी! ते बघून मी एकटाच हसलो.

मिशनच्या कचेरीला पत्र घातलं, तर तिथल्या एका म्हाताऱ्या कारकुनानं जुन्या दप्तरातून शोधून उत्तर धाडलं. इल्किनसाहेबाचा बापही पाद्री होता. विलायतेतल्या एका खेड्यात चर्चशेजारी त्याचं राहतं घर होतं, आणि मुलानं लोणखेडात तेच घर आठवणीतून जसंच्या तसं उभं केलं. तिकडे संध्याकाळचं ऊन हवंहवंसं वाटतं, म्हणून मोठी खिडकी मावळतीला. इथं त्याच खिडकीनं बिचारा वीस वर्षं भाजून निघाला असणार.

पत्र खिशात घालून मी अर्जुनरावांकडे गेलो.

"दादा, बंगला फोडायचा न्हाई. उचलायचा," मी म्हणालो.

"उचलायचा म्हंजे?"

"एकेक दगड काढायचा, खुणा करायच्या, गाडीत घालायचा आणि रस्त्याकडच्या माळावर परत लावायचा. आपल्याला गोदाम पायजे, गोदाम तयार हाय. फक्त चुकीच्या जागी हाय."

अर्जुनरावांनी माळाच्या दिशेनं बघितलं. धिप्पाड माणूस, वीस वर्षं गाव हाकलेलं. त्यांना मोठी कामं आवडायची.

"मिरगाच्या आत होईल?"

"होईल."

"मग उचला."

कलेक्टर कचेरीतून मंजुरी आणायला ते स्वतः बीडला गेले आणि चौथ्या दिवशी कागद घेऊनच परतले. चाळीस मजूर दुष्काळी कामावर मिळाले. मिस्त्री म्हणून चौसाळ्याचा बंकट आला. चांगला गवंडी, पण सावध. त्यानं कमानींकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. "उतरवून देतो अप्पा. चढतील का ते मात्र इचारू नका."

मी रात्रंदिवस खपून प्रत्येक भिंतीचा नकाशा काढला होता. दगडांवर चुन्यानं आकडे टाकले. पहिल्या आठवड्यात छप्पर उतरलं, कौलं आणि कैच्या सुखरूप माळावर पोहोचल्या. मग दगड निघाले. वीस गाड्या भरून गेल्या आणि एकविसाव्या गाडीबरोबर मीही माळावर गेलो.

चुना निघून गेला होता. खडबडीत रस्त्यावर दगड दगडाला घासले होते, आणि मजुरांनी ते छातीशी धरून उतरवले होते. सगळा चुना त्यांच्या सदऱ्यांना आणि लुगड्यांना लागला होता. माझे आकडे लोकांच्या अंगावर होते आणि समोर कोऱ्या दगडांचा ढीग.

बंकट ढिगाला वळसा घालून आला. "आता ह्ये पिचिंगलाच जानार," तो म्हणाला.

त्याच वेळी पाणी प्यायला आलेली एक बाई ढिगाशी थांबली. चाळिशीची, उंच, कपाळावर मोठं गोंदण. तिनं एका दगडावर तळहात फिरवला, मग दुसऱ्यावर.

"ह्यो कोपऱ्याचा," ती म्हणाली. "आन् ह्यो खिडकीचा. डाव्या अंगाचा."

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

तिचं नाव चतुराबाई. पाथरवटाच्या घरची. गावोगाव फिरून जात्यांना टाकी लावणं हा तिचा धंदा. दळून दळून जातं गुळगुळीत झालं की ती छिन्नी-हातोडीनं त्याला पुन्हा दात काढून द्यायची. त्या साली दळायलाच काही नव्हतं, म्हणून ती खडी फोडायला आली होती.

"घर तिघांनी घडवलंय, सायब," ती म्हणाली. "हात वळखू येतो. ह्यो डावखुरा व्हता, बघा, घाव सगळे उजवीकडं कलल्यात. कोपरे सगळे त्याचे. ज्यानं खिडक्या केल्या त्याची टाकी बारीक, लई निगुतीची. तिसरा नुसता भिंती भरायचा, त्याला घाई."

मी दगड उन्हात धरून बघितला. तिनं सांगितल्यावर मला ते दिसलं. आधी दोन महिने बघूनही दिसलं नव्हतं.

"ह्ये लावून देशील?"

"दोन दिस द्या. आन् मला कुनी मधी बोलू नका."

तिनं दोन दिवस ढीग लावला. हात कोणाचा ते ती बोटांनी ओळखायची. जागा ठरवायला दगडाची उंची, चुन्याचा जुना थर आणि बाहेरच्या अंगाचं काळवंडणं बघायची. मी ते नकाशातल्या मापांशी ताडून पाहिलं. साडेतीनशे दगडांत चार चुकले होते. त्यांतल्या एकात चूक माझ्या नकाशाची निघाली.

पुढच्या दगडांसाठी खूण कशी करायची, तेही तिनंच ठरवलं. चुना नको, छिन्नी. आणि तीही दर्शनी बाजूला नाही, सांध्यात दडणाऱ्या अंगाला. प्रत्येक भिंतीला एक चित्र: जातं, कुऱ्हाड, चूल, पाभर. थराला आडव्या रेघा, जागेला टिंबं, पाच टिंबांची एक फुली. तिला आकडे वाचता येत नव्हते आणि चाळिसांपैकी सदतीस मजुरांनाही येत नव्हते. आता प्रत्येकाला आपल्या हातातला दगड कुठला ते कळू लागलं. गाडीवान सुद्धा ओरडायचे, "कुऱ्हाडीची गाडी आली, सरका!"

बंकटला हे जड गेलं. एक दिवस त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं, "मिस्त्री मी हाय का ती?"

"दगड कुठं जायचा ते ती सांगंल. तो सरळ बसला का ते तुम्ही बघायचं," मी म्हणालो.

त्यानं ओळंबा खिशातून काढला, दोरी बोटाला गुंडाळली आणि तो कामाला गेला. त्यानंतर तो तिला चतुराक्का म्हणू लागला.

मार्चमध्ये माळावर जोतं उठलं. घर जसंच्या तसं लावायचं नाही, हे आम्ही आधीच ठरवलं होतं. इल्किनसाहेबानं ती चूक केली होती, आम्हाला करायची गरज नव्हती. सगळं घर काटकोनात फिरवलं. पुढं आलेली खिडकी मावळतीची उत्तरेला गेली, तिथं दिवसभर थंड उजेड. धुराडं गाळून टाकलं. माळाला उतार होता, जोत्याला दोन थर जास्त लागत होते, ते धुराड्याच्या दगडांत भागले. पुढचा दरवाजा फिरून रस्त्याकडे आला. अर्जुनराव रोज संध्याकाळी येऊन जायचे आणि खुशीत असायचे.

एप्रिलच्या मध्यावर त्यांनी पूर्वेकडच्या भिंतीत एक मोकळी जागा पाहिली.

"ह्ये काय?"

"दुसरं दार," मी म्हणालो. "पाद्र्याच्या लिहिण्याच्या खोलीला बाहेरून वेगळं दार होतं. त्या खोलीत सोसायटीची कचेरी बसंल."

ते दार वस्तीच्या बाजूला येत होतं. वडार, पाथरवट, शेतमजूर सगळे तिकडेच राहत.

"बुजवा," अर्जुनराव म्हणाले. "गोदामाला दोन दारं कावून? दोन दारं म्हंजे दोन कुलपं, दोन राखनदार. मी पुढच्या दारात बसनार, येनारा-जानारा माझ्या नजरंखालून जाईल."

चतुराबाई परांचीवर होती. ती खाली उतरली, हात झटकले.

"मालक, ह्या भिंतीचे दगड दारासाठीच घडवल्यात. बुजवायला तीस-बत्तीस नवे लागतील."

"डबर भर."

"भरता येतंय. पर मी भरनार न्हाई."

चाळीस माणसांचे हात थांबले. अर्जुनरावांना असं कोणी बोलत नसे. त्यांचा आवाज मात्र चढला नाही. "धुराडं गाळलं तवा बोलली न्हाईस. मग दार गाळायला काय झालं?"

"धुराडं कुनाच्या कामाचं न्हवतं, मालक. तुमच्या फाटकाशी मी दोन खेपेला सकाळपासून दिस कलंस्तोवर उभी व्हते. नंबर आला तवा मिलो सपलेली. तुमी मला दिसत व्हतात. मी तुमाला दिसले न्हाई. ह्या दारात उभी ऱ्हायले तर निदान सिक्रेटरीला तरी दिसंन."

अर्जुनराव माझ्याकडे वळले. "अप्पा, काय करायचं ते तुमी सांगा. सचिव तुमी हाय."

माझी नेमणूक, माझं राहतं घर, मी जिथं जेवायचो ते ताटसुद्धा त्यांच्या शब्दावर होतं. पण तीन महिने त्या बाईच्या हाताखाली काम केल्यावर मला एक गोष्ट कळली होती. ज्याला आपलं काम येतं त्यानं ते मोठ्यानं सांगावं. आणि माझं काम दगडाचं नव्हतंच, कायद्याचं होतं.

"दादा, इमारत सोसायटीची. नकाशा सभेनं मंजूर केलाय," मी म्हणालो. "त्यात बदल करायचा तर सभाच करंल. मी नोटीस काढतो."

"काढा," ते म्हणाले आणि निघून गेले.

सभा मारुतीच्या देवळापुढं भरली. एकेचाळीस सभासद आले, सगळे जमीनवाले. चतुराबाईच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून ती सभासद नव्हती, तिला हात वर करता येणार नव्हता. ती कट्ट्याच्या बाहेर पिंपळाच्या बुंध्याशी बसली होती. अर्जुनरावांनी आपलं म्हणणं मांडलं, दोन कुलपांचं, चोरीमारीचं. म्हणणं वाजवी होतं. बऱ्याच माना हलल्या.

मग वच्छलाबाई उठल्या. सत्तरीच्या विधवा, चार एकरांच्या सभासद. बारा वर्षांत त्यांना सभेत बोलताना कोणी ऐकलं नव्हतं, असं इतर सभासद नंतर म्हणाले.

"त्या दारानं माझी आई जायची," त्या म्हणाल्या. "मला गोवर आलता, आन् साहेब अवशीद द्यायचा. मोठ्या दारात पाटील, तलाठी, गिरदावर बसल्याले असायचे. त्यायच्या पुढून बाईमानसानं कसं जावं? साहेब म्हनायचा, माझ्या बापाच्या घरीबी असंच दार हाय, ज्याला कुनाच्या पुढून जायचं न्हाई त्यानं ह्या दारानं यावं. आई पदर तोंडावर घिऊन जायची आन् अवशीद घिऊन यायची. म्हनून मी हितं उभी हाय. अर्जुना, तुज्या आजीनंबी त्याच दारानं अवशीद आनलंय. तुला कुनी सांगितलं नसंल."

लोक हसले, पण हळू. अर्जुनराव हसले नाहीत. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि परत बांधला.

मी मतं मोजली. दार ठेवावं म्हणून सव्वीस हात. बुजवावं म्हणून चौदा. अर्जुनरावांनी स्वतः हात वरच केला नाही.

"सभेचं ठरलं ते ठरलं," ते उठत म्हणाले. "पर कुलूप माझ्या पसंतीचं लागंल."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या रानातलं वाळकं सागाचं खोड गाडीवर घालून माळावर आलं, दाराच्या चौकटीसाठी. सोबत निरोप काही नव्हता.

भिंतींच्या कामात या दाराची कमान सगळ्यात शेवटी झाली. तेरा दगड, मधला कळीचा. सगळे लाकडी साच्यावर तोलून बसवले आणि चुना धरायला अठरा दिवस दिले. साचा काढायच्या दिवशी बंकट सकाळपासून कमानीभोवती घिरट्या घालत होता. खिडक्यांच्या लहान कमानी बसल्या होत्या, पण टोक काढलेली एवढी रुंद कमान त्यानं आयुष्यात कधी केली नव्हती. साच्याखाली जाऊन पाचरी ठोकून काढायला कोणीतरी हवं होतं.

"सरा," चतुराबाई म्हणाली. तिनं पदर खोचला आणि खाली वाकून शिरली.

"चतुराक्का, दोर बांधून बाहेरून वडू," बंकट म्हणाला.

"वडलं तर एका अंगाला हिसका बसंल, मिस्त्री. सारखं उतराया पायजे. तुमी त्या बाजूला या की."

बंकटनं माझ्याकडे पाहिलं, मग तोही खाली शिरला. दोन्हीकडून एकदमच घाव पडू लागले. डावी पाचर, उजवी पाचर. साचा दोन बोटं खाली आला आणि कमानीतून एक कुरकुर ऐकू आली, थोडा चुना झरला. मग आवाज थांबला. तेरा दगड एकमेकांना टेकले आणि राहिले.

आतून बंकटचंच हसू ऐकू आलं. तो बाहेर आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होता. "बसली बे!" तो सगळ्या माळाला ऐकू जाईल असं ओरडला. "अशी बसली, की आता पाडायला बी कुनाला जमनार न्हाई!"

मृगाला सहा दिवस असताना कौलं चढली. पोती गोठ्यातून गोदामात आली. जाड भिंती आणि उंच छपरामुळे आत इतका गारवा होता, की हमाल दुपारी तिथंच पडी टाकू लागले. पहिल्या वाटपाला मी पूर्वेच्या खोलीत कागद मांडून बसलो. दार उघडलं तर बाहेर रांग लागलेली, बहुतेक बाया. कोणी पदर तोंडावर घेतला नव्हता. दुपारपर्यंत कोणी रिकाम्या हातानं परत गेलं नाही, आणि पोती उरली.

अर्जुनराव पुढच्या दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांच्याकडे भावकीतले चौघं-पाचजण येऊन गेले. चार वाजता ते उठून माझ्या खोलीत आले, रांग बघत उभे राहिले. एका म्हातारीच्या डोक्यावर त्यांनी स्वतः गाठोडं उचलून दिलं.

"अप्पा," ते म्हणाले, "हिकडं गर्दी हाय. अजून एक मानूस बसवा." मग "मीच बसतो," असं म्हणून त्यांनी खुर्ची आत मागवली.

चतुराबाई त्याच आठवड्यात निघाली. तलवाड्याला कुणाच्या तरी बारवेची पडझड दुरुस्त करायची होती, बंकटनं तिचं नाव सांगितलं होतं. जाण्याआधी ती माझ्याकडे आली. सोसायटीच्या शिक्क्याचा कागद हवा होता. नव्या गावात बाईच्या हातात छिन्नी बघून लोक आधी हसतात, म्हणाली.

"काय लिहू?" मी विचारलं.

"खरं हाय तेच लिव्हा. हिनं दोन हजारावर दगड उतरवले."

मी लिहिलं.

"आन् एक बी फुटला न्हाई."

"तीन फुटले होते, चतुराबाई."

"ते गाडीवानानं फोडले," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "बरं, तीन फुटले म्हनून लिव्हा. खाली लिव्हा, त्ये तिनं नवे घडवले, आन् कुठले ते सिक्रेटरीला अजून सापडले न्हाईत."

ते खरंच होतं. मी जसंच्या तसं लिहिलं, शिक्का मारला, सही केली. अर्जुनरावांनी शेजारी बसून वाचलं आणि माझ्या सहीच्या वर आपली केली. तिनं कागदाची घडी घालून छिन्नीच्या पिशवीत ठेवली आणि रस्त्याला लागली. एसटी यायला वेळ होता, पण ती थांबली नाही, चालतच निघाली.